रस्त्याच्या आराखड्यावर मत द्यायला गेले, त्याची हकीकत

टोरांटो महापालिकेच्या समितीपुढे जाऊन कुणीही बोलू शकतं. नागरिकत्वाचा दाखला लागत नाही, वशिला लागत नाही, फी नाही. इथे येऊन इतकी वर्षं झाली तरी मला हे ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी मी गेले असते असं नाही. नगरसेवकांपुढे इंग्रजीतून बोलायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. पण गेल्या वर्षभरात घरासमोरच्या रस्त्यापायी पत्रक, बैठक, प्रश्नावली, अहवाल आणि शेवटी समिती, अशा सगळ्या पायऱ्या चढून झाल्या. मंडळाच्या कार्यक्रमात दोघीतिघींनी “नक्की करायचं काय असतं गं?” म्हणून विचारलं. प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

आधी रस्ता समजून घ्या. क्वीन्स की हा ऑंटारिओ तलावाच्या काठाने जाणारा रस्ता. तसा जुना काठ फ्रंट स्ट्रीटलाच संपायचा. त्याच्या दक्षिणेचं सगळं भराव टाकून केलेलं, म्हणजे आमची इमारत तलावातच उभी म्हणायची. या रस्त्याचा पश्चिमेकडचा भाग नव्याने बांधून 19 जून 2015 ला खुला झाला. मोटारींना पूर्वी चार लेन होत्या, आता दोनच, त्याही उत्तरेच्या अंगाला. मग ट्रामचे रूळ, मग झाडं आणि सायकलचा मार्ग, आणि तलावाकडे ग्रॅनाइटचा रुंद पदपथ, त्यावर मेपलच्या पानाची नक्षी. याची रंगीत तालीम ऑगस्ट 2006 मध्येच झाली होती. दहा दिवस पूर्वेकडे जाणाऱ्या लेन बंद करून तिथे हिरवळ पसरली, जिरेनियमची फुलं मांडली आणि सायकलींना वाट करून दिली. लोकांना नकाशा दाखवून मत विचारण्याऐवजी रस्ताच दाखवला, ही कल्पना मला फार आवडते. मात्र तालमीपासून उद्घाटनापर्यंत नऊ वर्षं गेली, हेही ध्यानात असू द्या. पुढे धीर धरायला उपयोगी पडतं.

आम्ही राहतो पूर्वेकडच्या भागात. इथे ट्राम नाही. सायकलींसाठी मार्टिन गुडमन ट्रेल आमच्या दारावरून जाते. ‘टोरांटो स्टार’च्या एका संपादकाच्या नावाची ही वाट शहराच्या काठाने सुमारे 56 किलोमीटर धावते, पण आमच्यासमोर तिचं रूप म्हणजे साधा डांबरी पट्टा. योजना अशी, की युनियन स्टेशनच्या बोगद्यातून ट्राम पूर्वेला वळवायची, आमच्या रस्त्यावरून पार डिस्टिलरी या जुन्या मद्य कारखान्याच्या वस्तीपर्यंत आणि डॉन नदीच्या नव्या मुखाजवळच्या बेटापर्यंत न्यायची, आणि त्याच हाताने रस्ताही पश्चिमेसारखा करून घ्यायचा. पर्यावरण मंजुरीची पहिली फेरी 2010 लाच झाली. चेरी स्ट्रीटला ट्रामसाठी वेगळा पूलही आणून बसवलाय. पुलाची हौस फिटली, ट्राम तेवढी यायचीय.

तेव्हापासून लोकांची मतं घ्यायच्या बऱ्याच फेऱ्या झाल्या. मी ज्या फेरीत शिरले तिचं पत्रक फेब्रुवारीत लिफ्टशेजारच्या फलकावर लागलं, पिझ्झ्याच्या आणि कुत्रं फिरवून देणाऱ्याच्या जाहिरातीमध्ये. अशा पत्रकावर महापालिका, टीटीसी (शहराची बस-ट्राम-मेट्रो चालवणारी संस्था) आणि वॉटरफ्रंट टोरांटो (तलावकाठाचा विकास करणारी सरकारी संस्था) अशी तीन नावं असतात, आणि वाचणारा तिथेच गोंधळतो की नक्की कुणाला लिहायचं. सोपं आहे: खाली कोपऱ्यात एका समन्वयकाचं नाव, ईमेल आणि मतं पाठवायची शेवटची तारीख असते. तेवढ्याचा फोटो काढून ठेवा. बाकीचं पत्रक नाही वाचलं तरी चालेल.

मार्चमधली पहिली बैठक ऑनलाइन होती, संध्याकाळी साडेसहाला. कुकरच्या शिट्ट्या मोजत ऐकली. तासभर सादरीकरण, मग प्रश्न. प्रश्न टाइप करायचे, दुसऱ्यांनी त्यावर अंगठे द्यायचे आणि संचालकांनी वाचून दाखवायचे. “सायकलस्वारांची सुरक्षितता जपा,” “ट्राम लवकर आणा,” “मोटारींचा विचार करा” असे प्रश्न ढिगाने आले, आणि त्या सगळ्यांना मिळून एकच गुळगुळीत उत्तर आलं: होय, ही आमची प्राथमिकता आहे. मग कुणीतरी विचारलं, आमच्या इमारतीच्या दारासमोर सामान हलवायचा ट्रक उभा राहतो, नव्या आराखड्यात तो कुठे उभा राहणार? तेव्हा एका अभियंता बाईंनी चालू सादरीकरण थांबवलं, मूळ नकाशा उघडला, तो भाग मोठा करून दाखवला आणि सांगितलं की इथे जागा ठेवलेली नाही, लिहून घेते. सगळ्या बैठकीत “लिहून घेते” हे शब्द तेवढ्यात एकदाच ऐकू आले. मी त्याच क्षणी ठरवलं की आपणही एकच जागा धरायची.

प्रश्नावली बैठकीनंतर दोन आठवडे खुली होती. वीसेक मिनिटं लागतात. “तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं, एक ते पाच” असल्या प्रश्नांत फार डोकं घालू नका, कारण सगळेच पाच देतात. खरी जागा शेवटची रिकामी चौकट. तिथला मजकूर आधी दुसरीकडे लिहून ठेवा; पान मध्येच बंद पडलं तर पुन्हा पहिल्यापासून.

आता माझी एक जागा कोणती, ते सांगते. जार्व्हिस स्ट्रीटच्या टोकाला, शुगर बीचच्या गुलाबी छत्र्यांना खेटून, रेडपाथचा साखर कारखाना आहे. 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून तिथेच. उन्हाळ्यात कच्च्या साखरेचं जहाज धक्क्याला लागतं, क्रेनची बादली आत उतरते आणि तपकिरी साखर उपसून वर येते. कारखान्याचे ट्रक ट्रेल ओलांडूनच रस्त्यावर येतात. कारखाना आमच्या काचेच्या इमारतींच्या कितीतरी आधीचा, त्यामुळे त्याने हलावं असं म्हणायला तोंड नाही, आणि हलूही नये. काठावर काहीतरी खरं काम चाललेलं दिसतं ते त्याच्यामुळेच.

मेमध्ये सासरे आले. सांगलीकडच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर त्यांची उभी हयात गेली. पहिल्याच संध्याकाळी त्यांना फिरायला नेलं, वारा तलावाकडून होता. बाबा थबकले.

“अगं, हा मळीचा वास!”

“साखर कारखाना आहे बाबा.”

“ऊस कुठाय?”

ऊस नाही, गाळप नाही, बाहेरून आलेली कच्ची साखर इथे फक्त शुद्ध करतात, हे कळल्यावर त्यांना जरा कमीपणाच वाटला. “म्हणजे निम्मा कारखाना,” म्हणाले. पण दुसऱ्या दिवसापासून सकाळचं फिरणं तिकडेच ठरलं. मी त्यांना माझी तक्रार सांगितली: ट्रक फाटकातून निघतो, ट्रेलवरून सायकली येतात, आणि आधी कोण हे दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघून ठरवतात. मोठ्या माणसांचं निभतं. आमची आठ वर्षांची पोर मात्र ट्रक थांबलेला असतानाही थांबून राहते आणि ट्रक निघाला की तीही निघते.

“नुसतं सांगून कोण ऐकणार? नोंद पाहिजे,” बाबा म्हणाले. त्यांनी डॉलर स्टोअरमधून सव्वा डॉलरची वही आणायला लावली आणि काट्यावर करायचे तसे रकाने आखले. वेळ, ट्रक आत की बाहेर, आधी कोण थांबलं, कुणी हात केला. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. बाकावर बसून ते नोंद करत, मी कामाला निघण्याआधी थोडा वेळ जोडीला. एक सरदारजी ड्रायव्हर रोज हात करायचा. एकदा त्याने काच खाली करून विचारलं की चाचाजी सरकारी आहेत का. बाबांनी “रिटायर्ड” एवढंच उत्तर दिलं, जे खरंच होतं. वही बघितल्यावर एक गोष्ट स्पष्ट झाली, जी मला नुसत्या जाण्यायेण्यात कधी दिसली नव्हती: अडचण बाहेर पडणाऱ्या ट्रकांची नव्हतीच. ते सावकाश नाक काढतात. आत वळणारे ट्रक रस्त्यावरून येतात, त्यांना मागची वाहनं रेटत असतात, आणि ट्रेलवरची सायकल त्यांच्या अंध कोपऱ्यात असते.

जूनमध्ये प्रत्यक्ष बैठक झाली. ती जाऊन बघण्यासारखी असते. सभागृहभर फलक, मधल्या लांब टेबलांवर अख्ख्या रस्त्याचा नकाशा गुंडाळीसारखा उलगडलेला, आणि प्रत्येकाच्या हातात चिकटचिठ्ठ्या. कॉफी-बिस्किटं फुकट. मुलांना एका कोपऱ्यात रंग देऊन बसवतात, त्यामुळे मुलं आहेत म्हणून जाणं टाळू नका. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना टीटीसीत तिकीट नाही, मोठ्यांना प्रेस्टो या प्रवासाच्या कार्डवर 3.30 डॉलर, आणि दोन तासांत परतलात तर त्याच तिकिटात परत. मी बाबांना घेऊन पळतच परतले, पण ते जमलं.

तिथे पांढरी काठी घेतलेले एक गृहस्थ होते. ते नकाशाशेजारी उभे राहून एका तरुण अभियंत्याला सांगत होते की पदपथ आणि सायकलमार्ग एकाच पातळीवर, एकसारख्या फरशीचे केले की माझ्या काठीला हद्द लागत नाही. पश्चिमेच्या भागाबद्दल ही टीका पहिल्यापासून झाली आहे. चौकांमध्ये चालणारी माणसं नकळत सायकलच्या वाटेत येतात, म्हणून तिथे नंतर खुणा आणि पाट्या वाढवाव्या लागल्या. मला तोवर सगळं सपाट, सलग, गुळगुळीत हवं होतं. सायकलवाल्याला तेच हवं असतं. त्या गृहस्थांना एक कड हवी होती, दोन इंच का होईना. त्यांचं ऐकल्यावर मी माझ्या चिठ्ठीतलं “सलग सपाट” खोडलं. दुसऱ्या टेबलावर एक आजोबा खोदकामावरून तावातावाने भांडत होते. त्यांचंही खोटं नव्हतं, त्यांच्या खिडकीखाली किती वर्षं धूळ उडणार याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

बाबांनी वही काढली. मला वाटलं अभियंता हसून बाजूला ठेवेल. तो खाली वाकला, नकाशावर फाटक शोधलं आणि ट्रकच्या वळणाचा कंस पेन्सिलीने काढून दाखवला. कोपरा आवळून ट्रकचा वेग कमी करता येतो, पण फार आवळला तर लांब ट्रकला वळताना शेजारची लेनही लागते, आणि ट्राम आल्यावर ती लेन मिळणार नाही. म्हणून उपाय कोपऱ्यात नाही, ओलांडणीत शोधायचा: ट्रेलचा रंग आणि पातळी फाटकासमोर तशीच पुढे न्यायची, ट्रकने किंचित चढून यायचं, आणि थांबायची रेघ आधी मारायची. पंधरा मिनिटांत मी जे शिकले ते मला कुठल्या प्रश्नावलीत मिळालं नसतं. त्याने वहीच्या पानांचे फोटो घेतले. आश्वासन काही दिलं नाही.

मग शांतता. जुलै गेला, ऑगस्ट गेला. या काळात काही चुकलं का असं वाटून परत परत ईमेल करू नका, यंत्रणा अशीच चालते. “आम्ही काय ऐकलं” असा अहवाल सप्टेंबरच्या शेवटी आला. त्यात नावं नसतात. आपलं म्हणणं शोधायचं ते “काही सहभागींनी” या शब्दांच्या पुढे. आमचं फाटक एका ओळीत सापडलं: काही सहभागींनी औद्योगिक प्रवेशद्वारांपाशी ट्रक आणि सायकली यांच्यातील अग्रक्रम स्पष्ट करण्याची सूचना केली. बाबांनी ती ओळ दोनदा वाचायला लावली आणि विचारलं, “काही म्हणजे किती? आपण तर दोघंच होतो.”

ते ऑक्टोबरात परत गेले. त्यानंतर विषय समितीपुढे येणार असल्याचं कळलं. हे आपोआप कळत नाही. महापालिकेच्या संकेतस्थळावर समितीच्या कामकाजाची सूचना ईमेलने यावी अशी नोंदणी करता येते, ती करून ठेवा. कार्यक्रमपत्रिका साधारण आठवडाभर आधी लागते. विषयाचा क्रमांक बघायचा, पत्रिकेवर दिलेल्या पत्त्यावर ईमेल करून नाव, विषय क्रमांक आणि प्रत्यक्ष येणार की व्हिडिओवरून, एवढं कळवायचं. एक मोठी गोष्ट लक्षात ठेवा: पूर्ण महापालिका सभेत जनतेला बोलू देत नाहीत, बोलायचं ते समितीतच. ती गाडी चुकली की मग फक्त आपल्या नगरसेवकाला पत्र. आणि लेखी निवेदन दिलंत तर ते नावासकट सार्वजनिक होतं, गूगलवर सापडतं. मजकुरात घरचा पत्ता, फोन घालू नका.

भाषणाला पाच मिनिटं असतात. ते पाठ करून मी तयार होते. सकाळी अर्धा दिवस रजा टाकून सिटी हॉलला गेले, चौकातल्या तळ्याचा बर्फ झालेला, पोरं स्केटिंग करत होती. दुसऱ्या मजल्यावर समितीचं दालन, साडेनऊला सुरुवात. बोलणाऱ्यांची यादी लांब असल्याने अध्यक्षांनी सुरुवातीलाच वेळ तीन मिनिटांवर आणला. असं होतं, सर्रास होतं. म्हणून तीन मिनिटांचीच तयारी ठेवा: इंग्रजीत साडेतीनशे ते चारशे शब्द, त्याहून जास्त नाही. मी बाकावर बसून पेनाने निम्मा कागद कापला. बरंच झालं, कापलं ते सगळं “या सुंदर शहरात” छापाचं होतं.

आमचा विषय जेवणाच्या सुट्टीनंतर निघाला. अर्ध्या दिवसाची रजा पूर्ण दिवसाची झाली. डबा न्या, तळमजल्यावर खायला मिळतं, पण नाव पुकारलं आणि आपण सॅंडविचच्या रांगेत, असं नको. पोळीभाजी कॉरिडॉरमध्ये खाल्ली. समोर पडद्यावर सेकंद उलटे मोजतात. तिकडे बघू नका, कागदाकडे बघा. मी सरळ फाटकापासून सुरुवात केली: जागा, वहीतली नोंद, आत वळणाऱ्या ट्रकांची गोष्ट, ओलांडणीचा उपाय, काठीला लागणारी कड. हात थरथरत होते, आवाज बरा राहिला.

बोलून झाल्यावर लगेच उठू नका, सदस्य प्रश्न विचारू शकतात. मला एकीने विचारलं: पैसे कमी पडले तर सायकलमार्ग आधी करावा का, ट्रामची वाट न बघता? याची तयारी नव्हती. सायकल चालवणारी म्हणून “हो” म्हणायचा मोह झाला, पण ट्रामचे रूळ टाकताना तोच मार्ग पुन्हा उखडणार हे मी जूनमध्ये नकाशावर बघितलं होतं. म्हणाले, तात्पुरत्या खुणा आणि रंग उद्या करा, पक्कं बांधकाम एकदाच करा, रस्ता दोनदा खणू नका. त्या हसल्या आणि पुढचं नाव पुकारलं गेलं.

कामकाज यूट्यूबवर थेट दिसतं. सांगलीत तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, तरी बाबा जागे होते. बाहेर येऊन फोन बघितला तर संदेश: “आवाज खणखणीत आला. नोंद झाली ना? पोच घे.” पोच अशी हातात मिळत नाही. पण विषयाच्या पानावर नंतर बोलणाऱ्यांची आणि निवेदनांची यादी लागते, तिथे आपलं नाव तपासता येतं. त्याचा स्क्रीनशॉट बाबांना पाठवला, तेव्हा समाधान झालं.

काही आठवड्यांनी समन्वयकांचं उत्तर आलं: तुमची सूचना तपशीलवार आराखड्याच्या टप्प्यावर विचारात घेतली जाईल. मी ते वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलंय, तो टप्पा आला की त्याच उत्तराला जोडून लिहायला. आणखी एक टप्पा कायद्याने ठरलेला असतो, तो माहीत हवा. ऑंटारिओत ट्राम-मेट्रोच्या प्रकल्पांना वेगळी मूल्यमापन प्रक्रिया आहे: सुरुवातीची सूचना निघाल्यापासून जास्तीत जास्त 120 दिवस सल्लामसलत, मग 30 दिवस अहवाल लोकांना बघायला खुला, मग मंत्र्यांना 35 दिवस. त्या 30 दिवसांत मंत्र्यांकडे हरकत घेता येते, पण ती प्रांताच्या दृष्टीने महत्त्वाच्या बाबींवर किंवा मूलनिवासींच्या घटनादत्त हक्कांवरच. साखर कारखान्याच्या फाटकाला तिथे जागा नाही. ते त्याच्या आधी, चिकटचिठ्ठीच्या टेबलावरच बोलून घ्यावं लागतं.